माशी घासण्याआधी: जुन्या एनफील्डची शिस्त जुळवताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नाशिकमधल्या तुमच्या नेमबाजी क्लबकडे एक जुनी ट्रेनिंग रायफल आहे. मूळची .३०३ ची शॉर्ट एनफील्ड, पुढे .२२ ची केलेली (हे आकडे नळीच्या बोअरचे, इंचात). २५ मीटरवर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तरी गोळ्या मध्यापासून साधारण ६ सेंटिमीटर डावीकडे आणि ४ सेंटिमीटर वर लागतात. क्लबमधले एक दादा म्हणतात, माशी (नळीच्या टोकावरचं पुढचं साइट) जरा घासा, गोळी खाली येईल. दुसरे म्हणतात, माशी उजवीकडे ठोका, गोळी उजवीकडे जाईल. दोघंही अनुभवी आहेत, मग ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

या बाबतीत दोघांचंही ऐकू नका. कानस आणि हातोडी आज तरी पेटीतच राहू द्या. दोन्ही सल्ले उलट्या दिशेचे आहेत. माशी घासली तर गोळी आणखी वर जाईल आणि उजवीकडे ठोकली तर आणखी डावीकडे. तुम्ही पाठवलेले फोटो बघून माझी जवळजवळ खात्री झालीय, की या रायफलवर हे दोन्ही प्रकार पूर्वी कुणीतरी करून ठेवलेत आणि आज तुम्ही त्याचंच फळ भोगताय. ते कसं, हे खाली सांगतो.

मी लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्ती शाखेत, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो. आता देवळाली कॅम्पच्या बाजूला स्थायिक आहे. .३०३, इशापूर कारखान्याची ७.६२, एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) आणि कॅडेटांच्या .२२ अशा सगळ्या रायफली हाताखालून गेल्या. त्यात सगळ्यात जास्त रायफली बिघडलेल्या पाहिल्या त्या लढाईने नाहीत, वापराने नाहीत, तर ‘जरा नीट करतो’ म्हणणाऱ्यांच्या हाताने. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा दिशा पक्की करू. नियम पाठ करण्यापेक्षा एकदा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या डोळ्याजवळ मागचं साइट, त्यात यू आकाराची खाच. नळीच्या टोकाला माशी, म्हणजे उभं पातं. शिस्त घेताना, म्हणजे नेम धरताना, आपण पात्याचं डोकं खाचेच्या दोन खांद्यांच्या बरोबर रेषेत आणतो. आता पातं उंच केलं असं समजा. ते खाचेच्या वर डोकावायला लागेल. परत रेषेत आणायला तुम्हाला नळीचं तोंड खाली करावं लागेल, म्हणून गोळी खाली. पातं घासून बुटकं केलं, तर ते रेषेत आणायला नळी वर उचलाल, म्हणून गोळी वर. बाजूचंही तसंच. पातं उजवीकडे सरकलं, तर ते खाचेच्या मध्यावर आणायला नळीचं तोंड डावीकडे न्यावं लागतं आणि गोळी डावीकडे लागते. म्हणजे माशी नेहमी चुकीच्या मागे जाते. गोळी डावीकडे लागतेय तर माशी डावीकडे, गोळी वर लागतेय तर माशी वर. मागचं साइट बरोबर याच्या उलट, गोळी जिकडे न्यायची तिकडे ते सरकवायचं. तुमच्या दुसऱ्या दादांनी बहुधा मागच्या साइटचा नियम पुढच्याला लावला. भले भले यात फसतात, कारण हल्लीच्या टार्गेट रायफलीवर आणि एअर रायफलीवर सगळं सरकवणं मागच्या साइटवरच होतं आणि हाताला तीच सवय लागते.

आता फोटो. नळीच्या तोंडाच्या बाजूने काढलेला तिसरा फोटो मोठा करून बघा. नोजकॅपच्या (नळीच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी टोपीच्या) दोन उभ्या कानांच्या मध्ये माशी दिसते. तिच्या खालच्या ठोकळ्यावर समोरून एक बारीक उभी रेघ आहे. आर्मरर एकदा रायफल जुळवली की अशी रेघ ठोकळ्यावर आणि पात्याच्या बुडावर एकदम मारतो, म्हणजे पातं हललं तर लगेच कळतं. तुमच्या फोटोत या दोन रेघा जुळत नाहीत. पात्यावरची रेघ रायफल धरणाऱ्याच्या उजवीकडे (समोरून काढलेल्या फोटोत डावीकडे) गेलीय, अंदाजे एक मिलिमीटर. आणि पात्याचं डोकं पाहा. बाकी सगळं पातं काळसर आणि माथा मात्र पांढरा, त्यावर आडवे ओरखडे. ते कानशीचे आहेत. म्हणजे कधीतरी कुणीतरी माथा घासला आणि पातं उजवीकडे ठोकलं. गोळी वर आणि डावीकडे लागणं हा त्याचा सरळ हिशेब आहे.

तरीही लगेच पातं हलवू नका. एवढा पुरावा समोर असतानाही मी आधी रायफल तपासतो, आणि त्याला कारण आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका हवालदारांनी त्यांची .३०३ माझ्याकडे आणली. म्हणाले, गोळी खाली जाते, माशी उतरव. गोळी खाली म्हणजे माशी खाली, हिशेब बरोबर होता. मी दोनदा कानस मारली, रेंजवर नेली, थोडी सुधारली, आणखी दोनदा मारली. गोळ्या मध्यावर आल्या. रात्री साफ करताना माझ्या उस्तादांच्या लक्षात आलं की ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू बोटाने फिरतोय. त्यांनी तो आवळला. दुसऱ्या दिवशी तीच रायफल १०० यार्डांवर वीतभर वर मारायला लागली. चूक माशीत कधी नव्हतीच, लाकूड आणि लोखंड यांच्यातली पकड सुटली होती. मी मात्र पात्याचं पोलाद उडवून बसलो होतो आणि त्या मापाचं पातं स्टोअरमध्ये नव्हतं. त्या हवालदारांना स्पर्धेत दुसऱ्याची रायफल घेऊन उतरावं लागलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण स्पर्धेनंतर निकालाचा कागद मी बघायला गेलो नाही. तेव्हापासून स्क्रू, लाकूड, बोल्ट आणि नळी तपासल्याशिवाय मी एकाही माशीला हात लावलेला नाही.

तर तुमची रायफल तपासू. मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (राउंड बसतो त्या नळीच्या मागच्या भागात) बोट घालून आणि उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री करा. या .२२ केलेल्या रायफलीत मॅगझिनची नुसती पेटी असते, आत स्प्रिंग आणि प्लॅटफॉर्म नसतो. एकेक राउंड हाताने भरायचा आणि रिकामी केस त्या पेटीत पडते. मुलं पेटी ओतून रिकामी करतात आणि रायफल रिकामी झाली असं समजतात. चेंबर वेगळं तपासायचंच, ही सवय त्यांना लावा.

मागचं साइट आधी बघा, कारण सगळ्यात सोपी चूक तिथेच असते. त्याच्या उचलता येणाऱ्या पट्टीवर, म्हणजे पानावर, २०० पासून २००० यार्डांपर्यंत आकडे आहेत. ते .३०३ च्या काडतुसासाठी आहेत, तुमच्या .२२ ला त्यांचा अर्थ नाही. पण पानावरची सरकती कडी, म्हणजे स्लाइड, कुठे उभी आहे याला अर्थ आहे. पुसताना कुणी स्लाइड ४०० वर सरकवून ठेवली, तर २५ मीटरवरही गोळी काही सेंटिमीटर वर चढते. तुमची तक्रार ४ सेंटिमीटर वर अशीच आहे, म्हणून ही शक्यता आधी खोडायला हवी. फोटोत ती २०० वर दिसते, पण फोटो काढताना कुणी सरकवली का, ते विचारा. मग पान उचलून त्याच्या खाली बघा. पान ज्या दोन उतारांवर टेकतं, तिथे जुनं ग्रीस आणि धूळ दगडासारखी घट्ट बसते आणि पान तेवढं उचललेलं राहतं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने ते साफ करा. पान डावी-उजवीकडे डुलतं का, बोटाने हलवून बघा. त्याची पिन झिजलेली असेल तर माशी कितीही जुळवली तरी गोळी रोज नवीन जागी लागेल.

इथे एक बारीक गोष्ट. तुमच्या रायफलीच्या मूळ नमुन्याच्या, म्हणजे मार्क ३ च्या, मागच्या साइटला बाजूने सरकवायचा छोटा स्क्रू होता. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून १९१६ च्या मार्क ३ स्टारमध्ये तो काढून टाकला. लांब पल्ल्याचं बाजूचं साइट आणि मॅगझिनचा कटऑफ (मॅगझिनमधले राउंड अडवणारी पट्टी) हेही तेव्हाच गेलं. तुमच्या फोटोत तो स्क्रू नाही. म्हणजे डावं-उजवं करायला तुमच्याकडे माशीशिवाय दुसरी जागा नाही. ज्यांच्या रायफलीला तो स्क्रू आहे, त्यांनी आधी खाच मध्यावर आणावी आणि मगच पुढचा विचार करावा.

पुढे लाकूड. नोजकॅपच्या तोंडातून नळीचं टोक डोकावतं ना, ते अंगठ्याने खाली दाबा. थोडं दबलं पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप परत वर आलं पाहिजे. आत लाकडात स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा खुंट असतो, तो नळीला खालून आधार देतो. नळी नोजकॅपला एका बाजूने चिकटून बसली असेल, हलतच नसेल किंवा ढिली लटकत असेल, तर दोष तिथे आहे. ट्रिगर गार्डचे पुढचे-मागचे दोन्ही स्क्रू आणि नोजकॅपचे स्क्रू, खाचेत नीट बसणाऱ्या पेचकसने तपासा. अर्धवट बसणाऱ्या पेचकसने स्क्रूचं डोकं फाटतं, मग ते काढताना आणखी दहा भानगडी होतात.

नाशिककरांना लाकडाबद्दल जास्त सांगायला नको. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठाक, आणि जुलैत त्र्यंबकच्या बाजूने पाऊस सुरू झाला की घराची दारंही बसेनाशी होतात. रायफलीचं लाकूडही तसंच फुगतं. मे महिन्यात जुळवलेली रायफल ऑगस्टमध्ये थोडी सरकते, हे मी दरवर्षी पाहिलंय. म्हणून जुळवणी शक्यतो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा आणि वर्षातून दोनदा लाकडाला बाहेरून अळशीचं उकळलेलं तेल हाताने चोळा. आत, जिथे लोखंड लाकडावर टेकतं, तिथे तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका. तिथलं लाकूड मऊ पडलं की पकड गेली. आणि हो, उत्साहाच्या भरात बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) काढायला जाऊ नका. या रायफलीत बटच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला तर लाकूड फुटतं. तुमच्या कामासाठी बट काढायची गरजच नाही.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का, तेही बघा. क्लबमध्ये अशा दोन रायफली असतील तर साफसफाईत बोल्टची अदलाबदल सहज होते. एनफील्डचा बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवलेला असतो, दुसऱ्याचा घातला तर चालल्यासारखा वाटतो, पण ते धोक्याचं आहे आणि गोळीही जागा बदलते. शेवटी नळी. यातल्या काही रायफलींत जुनी .३०३ ची नळी आतून मोठी करून तिच्यात .२२ ची बारीक नळी बसवलेली आहे, काहींत अख्खी नळीच नवी आहे. तोंडाकडून बघितलं तर नळीत नळी दिसते का, ते कळेल. असेल तर त्या सांध्यात शिसं किंवा गंज नाही ना, आणि तोंडाच्या कडेला ठेच लागलेली नाही ना, तेवढं पाहा. पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) नेहमी चेंबरकडून घालून तोंडाकडून ओढा, आणि दोरी कडेला घासू देऊ नका. वर्षानुवर्षं दोरी एकाच बाजूने घासून तोंड अंडाकृती झालेल्या रायफली मी पाहिल्यात. त्यांना कुठलीच माशी सुधारू शकत नाही.

एवढं झालं की रेंजवर. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच डब्यातल्या राउंडनी, एकाच माणसाने, पिशवीवर हात टेकवून पाच गोळ्यांचे तीन ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे पुंजके) मारायचे. पिशवी हाताखाली आणि पुढच्या लाकडाखाली ठेवा, उघड्या नळीखाली कधीच नाही. पहिल्या दोन-तीन गोळ्या नळी गरम करायला वेगळ्या मारा, त्या मोजू नका. मग दुसऱ्या कुणाकडून तसेच तीन ग्रुप मारून घ्या. दोघांचे ग्रुप एकाच जागी पडले तर चूक रायफलीत. एकाचे डावीकडे आणि दुसऱ्याचे मध्यावर, तर चूक शिस्तीत किंवा घोडा दाबण्यात, आणि रायफलीला हात लावायचं कारण नाही. आणि मुठीएवढ्या जागेत गोळ्या विखुरल्या असतील तर जुळवायला काही नाहीच. जिथे ग्रुप नाही तिथे मध्य कुठून काढणार?

उजेडाचंही बघा. सकाळी उन्हाची तिरीप एका बाजूने आली की चकचकीत माशीची तेवढी बाजू पेटल्यासारखी दिसते. डोळा त्या उजळ कडेलाच माशी समजतो, तिला खाचेच्या मध्यावर आणतो आणि गोळी उन्हाच्या उलट्या बाजूला जाते. तुमच्या माशीचा माथा तर घासून पांढरा झालाय, त्यामुळे तुम्हाला हे जास्त जाणवेल. उपाय घरातलाच आहे. कापराची वडी पेटवा आणि तिच्या धुरावर माशी क्षणभर धरा. दाट काळी, अजिबात न चमकणारी काजळी बसते. मागच्या खाचेलाही तशीच द्या. हे काम दारूगोळ्यापासून लांब, बोल्ट काढून आणि लाकडाला आच लागणार नाही असं करायचं. मी बऱ्याच मुलांना फक्त कापूर लावून दिला आणि त्यांचे ग्रुप निम्म्यावर आले. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मारून बघा. ग्रुप जागा बदलत असेल तर आधी उजेडाचा बंदोबस्त करा.

आता समजा, हे सगळं करूनही ग्रुप ६ सेंटिमीटर डावीकडे आणि ४ वर तसाच उभा आहे. तसाच राहील असं मला वाटतं. मग हिशेब करू. तुमच्या रायफलीत खाच ते माशी हे अंतर साधारण साडेएकोणीस इंच, म्हणजे अर्धा मीटर धरा. २५ मीटर म्हणजे त्याच्या पन्नास पट. म्हणून माशी १ मिलिमीटर हलली की गोळी ५ सेंटिमीटर हलते. हा एवढा एक आकडा लक्षात ठेवा. ६ सेंटिमीटरसाठी माशी डावीकडे १.२ मिलिमीटर सरकवायची. फोटोतल्या दोन रेघांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच दिसतं, म्हणजे जुनी रेघ जुळली की बाजूचं काम बहुतेक झालंच. मुलांना शिकवतानाही हा आकडा सांगा. शिस्त घेताना पातं खाचेत अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे राहिलं तर टार्गेटवर अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. हे कळलं की माशीकडे बघायची त्यांची नजरच बदलते.

४ सेंटिमीटर खाली आणायला पातं ०.८ मिलिमीटर उंच हवं. स्लाइड २०० वर म्हणजे सगळ्यात खाली आहे, मागून आणखी उतरवायला जागा नाही. म्हणजे उंच पातंच लागेल. ही पाती १५ हजारांश इंचाच्या, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बनवलेली असत आणि प्रत्येकावर बारीक आकडा ठोकलेला असे. एका पायरीने २५ मीटरवर गोळी जवळजवळ २ सेंटिमीटर हलते. तुम्हाला दोन पायऱ्या उंच पातं हवं. पण तुमचं पातं घासलेलं आहे, म्हणून त्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) आजची खरी उंची मोजा आणि त्यात ०.७५ ते ०.८ मिलिमीटर मिळवा. नवं पातं मापापेक्षा किंचित उंचच घ्या. मग गोळी थोडी खाली लागेल आणि तिथून वर आणायला कानस चालेल. कानशीची खरी जागा तिथे आहे, उंच पात्यावर, अखेरच्या केसभर कामाला. आणि तेव्हाही दोन हात मारायचे, पाच गोळ्या मारायच्या, बघायचं आणि मग पुढचे दोन हात. माथा सपाट आणि कडा तीक्ष्ण राहिली पाहिजे. गोल माथा डोळ्याला फसवतो.

सरकवायचं कसं? आर्मररकडे त्यासाठी क्रॅम्प असतो, स्क्रू फिरवला की पातं केसाकेसाने ढकललं जातं. तो नसेल तर हातोडी-पंचने करतात, पण या रायफलीत नोजकॅपचे दोन कान आड येतात, पंच तिरपा बसतो, घसरतो आणि पातं वाकतं. म्हणून नोजकॅप काढून, नळी लाकडी तुकड्यांमध्ये व्हाइसला धरून, पितळी पंचनेच मारावं. पोलादी पंच पात्याला ठेचतो. माझा पंच मी भांडी बाजारातल्या एका जुन्या दुकानातून घेतलेल्या पितळी कांडीचा केलाय. आपल्या नाशकात पितळ मिळायला तोटा नाही. ठोका आधी हलका, मग पुन्हा हलका, आणि प्रत्येक ठोक्यानंतर रेघ बघायची. पातं जुळलं, तीन ग्रुप मारून खात्री झाली की बुडाशी टोकदार पंचने एक छोटी खूण मारून पातं बसवून टाकायचं आणि नवी रेघ ओढायची.

हे काम मात्र तुम्ही स्वतः किंवा ओळखीच्या फिटरकडून करून घेऊ नका. अंबड-सातपूरला उत्तम हात असलेले कारागीर आहेत, पण शस्त्राच्या दुरुस्तीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो. परवानाधारक गनस्मिथकडे रायफल न्या, सोबत क्लबच्या परवान्याची प्रत आणि वाहतुकीचे कागद ठेवा, कामाची पावती घ्या. मी वर लिहिलेला हिशेब कागदावर काढून त्याला द्या: ‘माशी १.२ मिमी डावीकडे, पातं ०.८ मिमी उंच’. चांगला कारागीर असा कागद बघून खूश होतो. आणि चाचणी फक्त मान्यताप्राप्त रेंजवरच. .२२ ची गोळी लहान दिसते, पण वरच्या कोनात सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते. धरणाच्या काठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी ‘दोन राउंड मारून बघू’ हे कुणी सुचवलं तर तुम्ही ठाम नाही म्हणा.

तुम्ही शेवटी विचारलंय, हे सगळ्या जुन्या लष्करी रायफलींना लागू आहे का. दिशेचा नियम सगळीकडे तोच, आकडे वेगळे. नंबर ४ रायफलीत (एनफील्डचाच नंतरचा नमुना) मागचं साइट डोळ्याजवळ, गोल भोकाचं असतं आणि दोन साइटमधलं अंतर पावणेएकोणतीस इंचांपर्यंत जातं. म्हणून तिथे माशी १ मिलिमीटर हलली तर २५ मीटरवर गोळी साडेतीन सेंटिमीटरच्या आत हलते. तिच्यातलं ३०० यार्डांचं लढाईचं भोक संगीन लावलेल्या रायफलीसाठी जुळवलेलं असे. ते न कळल्यामुळे जवळून मारताना गोळी वर जाते म्हणून लोक विनाकारण माशी बदलतात. इशापूरच्या ७.६२ मध्ये काडतूस बदललं, आणि तिच्या २ए१ नमुन्यात मागच्या पानावरचे आकडे २००० वरून ८०० वर आणले. बाकी माशी, कान, लाकूड सगळं तुमच्यासारखंच. .३०३ आणि ७.६२ नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, तेव्हा त्यांचं काम आमच्यासारख्यांकडे सरकारी वर्कशॉपमध्येच व्हायचं. त्यांच्याबद्दल एवढंच.

उंच पातं मिळायला वेळ लागेल, कदाचित काही महिने. तोवर रायफल पेटीत ठेवू नका, मुलांची सवय मोडेल. मुलांना उजवीकडे आणि खाली नेम धरायलाही सांगू नका, ती सवय नंतर सुटत नाही. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर काळा ठिपका चिकटवा, शिस्त त्याच्यावरच घ्यायला लावा, आणि गोळ्या जिथे पडतील तिथे पडू द्या. गुण मोजायचे नाहीत, फक्त पाच गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी मोजायची आणि प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहायची. त्याच वहीत तारीख, वेळ, ऊन कुठून होतं, राउंडचा डबा कोणता, हेही लिहा. नवं पातं बसवायला जाल तेव्हा ती वही गनस्मिथला दाखवा, आणि व्हर्निअरचं माप आलं की मला कळवा. पायरी बरोबर निवडली का, ते मी बघून सांगतो.